टोलेडोचा निकाल : एका विजयाचे मोजमाप

लहानाने मोठ्याला, किरकोळ देहाच्या माणसाने धिप्पाडाला लोळवल्याची कथा कोणत्याही समाजाला फार प्रिय असते. भागवताच्या दशम स्कंधात कंसाच्या रंगमंडपात कृष्णासमोर चाणूर आणि बलरामासमोर मुष्टिक उभा ठाकतो, तेव्हा जमलेल्या मथुरेच्या स्त्रिया कळवळून म्हणतात की, पर्वतप्राय मल्लांशी कोवळ्या मुलांची झुंज लावणे हा अधर्म आहे. तालमीच्या भाषेत सांगायचे तर ‘जोड’ बरोबर लागलेली नाही, हीच त्यांची तक्रार होती. विषम जोड लागावी, सर्वांनी हळहळावे आणि अखेर लहानाचीच सरशी व्हावी, यात श्रोत्याला जे समाधान लाभते ते बरोबरीच्या लढतीत क्वचितच लाभते.

परंतु अशा कथांमध्ये एक धोकाही असतो. हरलेल्याचा देह जितका मोठा, तितका जिंकणाऱ्याचा पराक्रम मोठा, असे सरळ त्रैराशिक आपण मनातल्या मनात मांडून मोकळे होतो. विस्मयाच्या भरात मोजमाप राहून जाते. मग दोन गोष्टी घडतात. काही लोक विजयाला अलौकिक ठरवतात, आणि काहींना तो इतका अशक्य वाटतो की त्यात कपट असलेच पाहिजे असे ते धरून चालतात. मुष्टियुद्धाच्या इतिहासात या दोन्ही प्रवृत्तींचा एकाच वेळी बळी ठरलेली एक लढत आहे. ती म्हणजे ४ जुलै १९१९ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरी जॅक डेम्पसी आणि जेस विलार्ड यांच्यात झालेली जगज्जेतेपदाची लढत. त्या विजयाची खरी किंमत काय, हे तपासण्याचा हा प्रयत्न आहे. शासकीय सेवेत चौकशीची प्रकरणे हाताळलेल्या माणसाला आरोप, पुरावा आणि ऐकीव माहिती वेगवेगळ्या कागदांवर मांडून पाहण्याची सवय जडते. तीच पद्धत येथे अवलंबिली आहे.

दोन योद्धे

जेस विलार्ड हा कॅन्सस राज्यातला. उंची सुमारे साडेसहा फूट, आणि टोलेडोच्या लढतीच्या वेळी वजन २४५ पौंड, म्हणजे सुमारे १११ किलो. त्याच्या हाताच्या ठोशाची लोकांना केवळ कल्पनाच होती असे नाही. १९१३ मध्ये कॅलिफोर्नियात त्याच्याशी लढलेला ‘बुल’ यंग नावाचा मुष्टियोद्धा त्या लढतीतील आघाताने मरण पावला होता. त्या प्रकरणी विलार्डवर खटला होऊन तो निर्दोष सुटला. ५ एप्रिल १९१५ रोजी क्यूबामधील हवाना येथे त्याने पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता जॅक जॉन्सन याला २६व्या फेरीत बाद करून जगज्जेतेपद मिळवले. जॉन्सनचा पराभव व्हावा म्हणून आसुसलेल्या गोऱ्या अमेरिकेने त्या दिवशी विलार्डला डोक्यावर घेतले.

जॅक डेम्पसीचे मूळ नाव विल्यम हॅरिसन डेम्पसी. त्याचा जन्म २४ जून १८९५ रोजी कोलोरॅडो राज्यातील मनासा या खेड्यात झाला. गरिबीमुळे लवकरच घर सोडून तो मालगाड्यांतून फुकट प्रवास करीत, खाणींच्या वस्त्यांवर मिळेल ते काम करीत आणि दारूच्या गुत्त्यांत चार पैशांसाठी मुष्टियुद्ध खेळत फिरला. टोलेडोच्या लढतीला तो उभा राहिला तेव्हा त्याला चोवीस वर्षे पूर्ण होऊन जेमतेम दहा दिवस झाले होते. उंची सुमारे सहा फूट एक इंच, वजन १८७ पौंड, म्हणजे सुमारे ८५ किलो. दोघांच्या वजनात ५८ पौंडांचा, म्हणजे २६ किलोंचा फरक होता. विलार्डच्या हातांचा पल्लाही सुमारे सहा इंचांनी अधिक होता.

लढतीचा आयोजक टेक्स रिकार्ड होता. विलार्डला एक लाख डॉलर आणि डेम्पसीला साडेसत्तावीस हजार डॉलर ठरले होते. लढत बारा फेऱ्यांची होती. आपण त्या पोराला ठार मारले तर कायद्याने आपल्याला अभय मिळावे, असे विलार्डने आधी सांगून ठेवले होते अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, पैजा लावणाऱ्यांचा कल विलार्डकडे किंचितच झुकलेला होता, हे मात्र ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ज्यांचा पैसा पणाला लागला होता त्यांना ही जोड आपण आज समजतो तितकी विषम वाटली नव्हती.

नऊ मिनिटे

त्या दिवशी टोलेडोत असह्य उकाडा होता. कच्च्या लाकडाचे प्रचंड क्रीडांगण खास या लढतीसाठी उभारले होते. पहिल्या फेरीचा आरंभीचा काळ डेम्पसीने केवळ भोवती फिरण्यात घालवला. वाकून, डोके सतत हलते ठेवून तो विलार्डच्या लांब डाव्या हाताच्या टप्प्याबाहेर राहिला. मग एकाएकी तो आत शिरला. आधी शरीरावर मारा, आणि मागोमाग डाव्या हाताचा हुक जबड्यावर. विलार्ड खाली बसला. जगज्जेत्याला कोणी खाली पाडू शकत नाही, ही ख्याती तेथेच संपली.

त्यानंतरच्या मिनिटाभरात जे घडले ते आजही चित्रफितीत पाहता येते. विलार्ड उठतो, डेम्पसी त्याच्यावर तुटून पडतो, विलार्ड पुन्हा कोसळतो. असे एकाच फेरीत सात वेळा झाले. सातव्या वेळी पंच ऑली पेकॉर्ड याने दहा आकडे पुरे मोजले, डेम्पसीचा हात उंचावला आणि प्रेक्षक आनंदाने रिंगणाकडे धावले. डेम्पसी रिंगणाबाहेर पडून निघूनही गेला. तेवढ्यात उलगडा झाला की, मोजणी सातवर असतानाच फेरी संपल्याची घंटा झाली होती आणि कोलाहलात ती कोणाला ऐकूच आली नव्हती. डेम्पसीला परत बोलावण्यात आले. आपल्या बिदागीतील दहा हजार डॉलर ‘पहिल्याच फेरीत विजय’ या एकास दहा भावाच्या पैजेवर व्यवस्थापक जॅक कर्न्स याने लावले होते, असे डेम्पसीने पुढे सांगितले. त्या न ऐकू आलेल्या घंटेमुळे ती रक्कम गेली.

दुसऱ्या फेरीत डेम्पसी दमलेला दिसतो, तर विलार्ड सुजल्या चेहऱ्याने आणि जवळजवळ मिटलेल्या डोळ्याने उभा आहे आणि अधूनमधून ठोसेही लगावतो आहे. तिसऱ्या फेरीत त्याला पुन्हा जबर मार बसला, पण तो पडला नाही. चौथ्या फेरीसाठी मात्र तो आपल्या कोपऱ्यातून उठू शकला नाही. त्याच्या बाजूने टॉवेल टाकण्यात आला. प्रत्यक्ष लढत अवघी नऊ मिनिटे चालली.

कपटाचा आरोप

पहिल्यांदा आरोपाचा विचार करू, कारण तो सिद्ध झाला तर पुढच्या चर्चेला अर्थच उरत नाही. डेम्पसीच्या हातांवरील पट्ट्यांत प्लास्टर ऑफ पॅरिस भरले होते, असा तो आरोप. जानेवारी १९६४ मध्ये ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ या अमेरिकी साप्ताहिकाने नुकत्याच दिवंगत झालेल्या कर्न्सच्या आठवणी छापल्या. त्यांत, हे प्लास्टर आपणच डेम्पसीच्या नकळत पट्ट्यांवर टाकले, असे त्याने म्हटले होते. डेम्पसीने दावा दाखल केला आणि प्रकरण तडजोडीने मिटले. विलार्डने मात्र आपल्याला फसवून हरवले गेले, हा समज मरेपर्यंत सोडला नाही.

या साक्षीचे मूल्य काय? साक्षीदार मृत, त्यामुळे उलटतपासणी नाही. कर्न्स आणि डेम्पसी यांचे संबंध १९२० च्या दशकातच तुटले होते आणि पैशांवरून न्यायालयीन तंटे झाले होते. म्हणजे साक्षीदार निःपक्षपाती नाही. शिवाय ही साक्ष घटनेनंतर साडेचार दशकांनी आलेली. आता वस्तुस्थितीचा पुरावा पाहू. रिंगणात आल्यावर विलार्ड स्वतः डेम्पसीजवळ जाऊन त्याचे हात तपासतो, हे चित्रफितीत दिसते. लढतीत डेम्पसी हातमोज्याच्या तळव्याने विलार्डला ढकलतो, धरतो. दगडासारख्या घट्ट झालेल्या पट्ट्यांत हात असा मिटता-उघडता येत नाही. प्लास्टरचा गुणधर्मही ध्यानात घ्यावा. ते ठिसूळ असते. वाळलेल्या प्लास्टरवर पहिले काही जोराचे आघात होताच त्याचा भुगा होतो, आणि ज्याच्या मुठीवर ते आहे त्याच्याच बोटांची हाडे धोक्यात येतात. नऊ मिनिटांच्या माऱ्यानंतर डेम्पसीचे हात शाबूत होते. या सर्वांवरून आरोप सिद्ध होत नाही, एवढेच नव्हे, तर तो असंभाव्य ठरतो, असे म्हणावे लागेल.

आरोपाला बळ मिळाले ते विलार्डच्या दुखापतींच्या वर्णनामुळे. जबडा अनेक ठिकाणी मोडला, गालाचे हाड फुटले, बरगड्या तुटल्या, दात गेले, अशी यादी पुस्तकागणिक लांबत गेलेली आढळते. ज्याचा जबडा असा चक्काचूर झाला तो माणूस त्यानंतर दोन फेऱ्या उभा राहतो, यातच या यादीचे उत्तर आहे. चेहरा सुजला, रक्त आले, डोळा मिटला, हे चित्रफितीत दिसते आणि ते पुरेसे भीषण आहे. शिवाय मे १९२३ मध्ये, एकेचाळीस वर्षांचा असताना, न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये याच विलार्डने फ्लॉइड जॉन्सन या तरुण मुष्टियोद्ध्याला हरवले. टोलेडोने त्याला कायमचे मोडून टाकले नव्हते.

ही दंतकथा इतकी वाढू शकली, याचे एक कारण कायद्यात आहे. १९१० मध्ये जॉन्सनने जिम जेफ्रीज या गोऱ्या माजी जगज्जेत्याला हरवल्यावर अमेरिकेत वांशिक दंगली उसळल्या, आणि १९१२ मध्ये मुष्टियुद्धाच्या चित्रफिती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यास बंदी घालणारा संघीय कायदा झाला. तो १९४० पर्यंत लागू होता. त्यामुळे टोलेडोची लढत बहुतेकांना उघडपणे पाहायला मिळालीच नाही. ती त्यांनी वाचली आणि ऐकली. नभोवाणीवरील समालोचनाचाही काळ अद्याप यायचा होता. डोळ्यांनी न पाहिलेली गोष्ट तोंडातोंडी मोठी होते, याचा अनुभव आपल्या पोवाड्यांच्या प्रदेशाला नवा नाही.

काय वजा करावे

कपट नव्हते हे मान्य केल्यावर दुसऱ्या टोकाला जाऊन हा विजय अलौकिक म्हणायचा का? तसेही नाही. जमाखर्चात काही रकमा वजा कराव्याच लागतात.

पहिली रक्कम वयाची. विलार्ड ३७ वर्षांचा होता, डेम्पसी २४ वर्षांचा. येथे एक योगायोग लक्षात येतो. हवानाला विलार्डपुढे जॉन्सन हरला तेव्हा जॉन्सनचेही वय ३७ होते. तेव्हा वय विलार्डच्या बाजूने होते, चार वर्षांनी ते त्याच्या विरुद्ध गेले.

दुसरी रक्कम निष्क्रियतेची, आणि ती वयापेक्षा मोठी आहे. जगज्जेतेपद मिळाल्यानंतरच्या चार वर्षांत विलार्डने ते एकदाच पणाला लावले, मार्च १९१६ मध्ये फ्रँक मोरानविरुद्ध न्यूयॉर्कमध्ये. त्यानंतर सव्वातीन वर्षे एकही अधिकृत लढत नाही. हा काळ त्याने घोडेस्वारीच्या खेळांची फिरती प्रदर्शने, सर्कस यांत नावाचा मोबदला घेत काढला. सरावावर देखरेख करणारा जाणकार माणूसही त्याने टोलेडोसाठी जवळ ठेवला नाही. याउलट डेम्पसीने १९१८ या एका वर्षात वीसच्या आसपास लढती केल्या आणि त्यांपैकी अनेक पहिल्याच फेरीत संपवल्या. विलार्डचे वजन २४५ पौंड होते, हे सर्वजण सांगतात. त्यांपैकी लढायला तयार असे वजन किती होते, हे कोणी विचारत नाही.

तिसरी रक्कम नियमांची. प्रतिस्पर्धी खाली पडला की उभ्या असलेल्याने दूरच्या तटस्थ कोपऱ्यात जावे, हा नियम तेव्हा अमलात नव्हता. डेम्पसी पडलेल्या विलार्डच्या डोक्याशीच उभा राहतो आणि त्याचे गुडघे जमिनीवरून उचलले जाताच पुन्हा ठोसा मारतो. हे बेकायदेशीर नव्हते. पण पहिल्या पतनानंतरच्या सहा पतनांचे श्रेय ठोशांइतकेच या मोकळिकीलाही आहे. सप्टेंबर १९२७ मध्ये शिकागोत जीन टनीला पाडल्यावर डेम्पसी जुन्या सवयीने त्याच्याजवळच रेंगाळला. तेव्हा नवा नियम लागू होता, म्हणून पंचाने मोजणी उशिरा सुरू केली; टनीला सावरायला अवधी मिळाला आणि तोच जिंकला. टोलेडोला याच नियमाने काय फरक पडला असता याची कल्पना त्यावरून येते.

उकाड्याची रक्कम मात्र मी वजा करणार नाही. भारी देहाला आणि अधिक वयाला उन्हाचा त्रास अधिक होतो हे खरे. पण निर्णायक ठोसा पहिल्याच फेरीत बसला. उकाड्याने दमवण्याइतका वेळच गेला नव्हता.

काय शिल्लक उरते

इतके वजा केल्यावर शिल्लक काय? थोडेथोडके नाही. त्यासाठी मुष्टियुद्धात देहाचा मोठेपणा नेमका कशासाठी उपयोगी पडतो, हे पाहिले पाहिजे. कुस्तीत वजन हेच एक शस्त्र असते. १९१० मध्ये लंडनला गामा पहिलवानासमोर पोलंडचा वजनदार झ्बिश्को अडीच तासांहून अधिक काळ बहुतांशी गादीवर पालथा पडून राहिला; गामाचे श्रेष्ठत्व उघड असूनही तो देह उलटता येईना आणि कुस्ती निकालाविना थांबली. मुष्टियुद्धात असे पडून राहता येत नाही. तेथे मोठ्या देहाचे चार उपयोग: लांब हातामुळे दुरून मारता येते, ठोशामागे वजन असते, मार सोसण्याची क्षमता अधिक असते, आणि मिठी पडली तर लहान योद्ध्यावर भार टाकून त्याला थकवता येते.

यांपैकी पहिला लाभ सर्वांत मोठा, पण तो ठरावीक अंतरापुरताच आहे. प्रतिस्पर्धी हाताच्या टप्प्याआत आला की तोच लांब हात अडचणीचा होतो, कारण त्याला वळायला जागा लागते. म्हणजे लहान योद्ध्यासमोरचा खरा प्रश्न एकच: ते मधले दोन-तीन फुटांचे अंतर मार न खाता कसे ओलांडायचे? डेम्पसीने त्याचे उत्तर अंगी बाणवले होते. गुडघे वाकवून, हनुवटी छातीशी धरून, कमरेतून डावी-उजवीकडे झुलत तो पुढे सरके. विलार्ड ताठ उभा राहून लढणारा. खाली वाकलेल्या, एका जागी न ठरणाऱ्या डोक्यावर त्याला वरून खाली ठोसा मारावा लागे, आणि अशा ठोशात देहाचे वजन उतरत नाही. उंच माणसाच्या हनुवटीपर्यंत हात पोहोचणे ठेंगण्याला अवघड, म्हणून आधी पोट आणि बरगड्या. त्या माऱ्याने उंच देह वाकला की हनुवटी आपोआप खाली येते.

ठोशाच्या जोराचेही असेच. जोर दंडातून येतो असा आपला समज असतो. डेम्पसीने १९५० साली ‘चॅम्पियनशिप फायटिंग’ हे पुस्तक लिहिले. त्यात टोलेडोची चर्चा करून तो सांगतो की, जोर हा गतिमान झालेल्या शरीराच्या वजनाचा असतो. पुढे झेपावणारे पाऊल, वळणारे खांदे आणि कंबर यांतून ते वजन मुठीपर्यंत पोहोचवावे लागते. १८७ पौंडांपैकी बहुतेक सारे ज्याच्या मुठीत उतरते, तो २४५ पौंडांपैकी थोडेच मुठीत उतरवणाऱ्यापेक्षा जड मारतो. हे कसब डेम्पसीला टोलेडोत अकस्मात गवसले नव्हते. १९१८ मध्ये कार्ल मॉरिस, फ्रेड फुल्टन यांसारख्या त्याच्याहून बऱ्याच उंच आणि वजनदार योद्ध्यांवर त्याने ते वापरून पाहिले होते. त्या जुलैत फुल्टनला तर त्याने अर्ध्या मिनिटाच्या आत बाद केले. विलार्ड सरावाशिवाय आला. डेम्पसीचा वर्षभराचा मार्गच या लढतीचा सराव होता.

म्हणून माझ्या मते विजयाची शिल्लक अशी मांडावी. सात वेळा पाडणे यात परिस्थितीचा वाटा मोठा आहे. पहिल्यांदा पाडणे हे मात्र निर्विवादपणे डेम्पसीचे आहे. विलार्ड तेव्हा ताजा होता, सावध होता, त्याच्या हातांचा पल्ला शाबूत होता, आणि तरीही ते अंतर ओलांडले गेले.

जे मोठे प्रतिस्पर्धी समोर आलेच नाहीत

या हिशेबात आणखी एक बाब नोंदवणे भाग आहे; ती लढतीची नसून जगज्जेतेपदाची आहे. विलार्डने पद मिळताच कृष्णवर्णीयांशी लढणार नाही असे जाहीर केले होते. टोलेडोच्या विजयानंतर लगेचच डेम्पसीनेही तसेच जाहीर केले. त्या काळी हॅरी विल्स हा कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा पदाचा सर्वांत योग्य दावेदार मानला जाई. तो डेम्पसीहून उंच आणि वजनदार होता. शिवाय निष्क्रिय नव्हता. वर्षानुवर्षे बोलणी झाली, १९२५ मध्ये करारावर सह्यादेखील झाल्या, पण लढत झाली नाही. दोष एकट्या डेम्पसीचा नव्हता. जॉन्सनच्या वेळी उसळलेल्या दंगलींचा धसका घेतलेले आयोजक आणि राजकारणी यांनाही ती नको होती. जॉन्सननंतर कृष्णवर्णीय योद्ध्याला हेवीवेट पदासाठी लढण्याची संधी मिळाली ती थेट १९३७ मध्ये, जो लुईसला. तेव्हा टोलेडोत डेम्पसीने त्या वेळच्या सर्वांत मोठ्या देहावर विजय मिळवला हे खरे. सर्वांत मोठ्या आव्हानावर मिळवला, असे म्हणता येत नाही.

पुढील काळाशी तुलना

असे विजय पुढेही झाले. जून १९३५ मध्ये जो लुईसने आपल्याहून ६० पौंडांहून अधिक वजनदार इटालियन प्रिमो कार्नेराला सहाव्या फेरीत हरवले. नोव्हेंबर २००९ मध्ये इंग्लंडच्या डेव्हिड हे याने सात फुटी रशियन निकोलाय व्हॅल्युएव्हला बारा फेऱ्यांअंती गुणांवर मात दिली. तेथे वजनातला फरक शंभर पौंडांच्या आसपास होता, आणि लढत मात्र नीरस झाली.

तुलनेसाठी सर्वांत उद्बोधक उदाहरण १८ मे २०२४ चे, रियाध येथील. युक्रेनचा ओलेक्सांद्र उसिक सहा फूट तीन इंच, सुमारे २२३ पौंड. ब्रिटनचा टायसन फ्युरी सहा फूट नऊ इंच, २६२ पौंड. फ्युरी तोवर अपराजित होता आणि नियमित लढत होता. वयाने तर लहान देहाचा उसिकच दोन वर्षांपेक्षा कमी अंतराने का होईना, मोठा होता: उसिक ३७, फ्युरी ३५. नवव्या फेरीत फ्युरी कोलमडता कोलमडता वाचला आणि उसिक दोन विरुद्ध एक अशा पंचमताने जिंकला. डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा लढत झाली, तेव्हा तिन्ही पंचांनी एकमुखाने उसिकला कौल दिला. सात पतने नाहीत, तुटलेली हाडे नाहीत. तरी वय, सराव, नियम या रकमा येथे वजा करायला फारशा जागाच नाहीत, आणि एकदा मिळालेला निकाल दुसऱ्यांदा सिद्ध झाला. पुराव्याच्या कसोटीवर मी रियाधचा विजय टोलेडोच्या वर ठेवीन. त्याची दंतकथा होणार नाही, कारण तो साऱ्या जगाने डोळ्यांनी पाहिला.

आज डेम्पसी असता तर १८७ पौंडांच्या योद्ध्याला हेवीवेट गटात उतरावेच लागले नसते. १९७९-८० पासून त्याखाली क्रूझरवेट हा गट आहे, त्याची मर्यादा आता २०० पौंड आहे. २०२० मध्ये तर एका जागतिक संघटनेने त्या दोहोंमध्ये आणखी एक गट घातला. मथुरेच्या स्त्रियांची तक्रार उशिरा का होईना, मुष्टियुद्धाच्या नियमकर्त्यांनी ऐकली म्हणायची.

शेवटी हरलेल्या माणसाविषयी. विलार्डची आठवण आज उरली आहे ती पडणारा माणूस म्हणून. काहींच्या लेखी तो फसवला गेलेला, काहींच्या लेखी आळसाने लठ्ठ झालेला. चित्रफितीत दिसतो तो मनुष्य निराळा आहे. सदतीस वर्षांचा, तयारीत कमी पडलेला, पहिल्याच ठोशात लढतीचा कल कळून चुकलेला. सहा वेळा तो दोराला धरून, गुडघ्यावर रेटून उभा राहतो, आणि उभा राहताक्षणी पुढचा ठोसा येणार हे ठाऊक असतानाही उभा राहतो. सातव्या वेळी घंटेने त्याला वाचवले, तरी त्यानंतर तो दोन फेऱ्या लढला. डेम्पसीच्या विजयाचे मोजमाप करताना विलार्डचे वजन सर्वांनी धरले. त्याचे हे उठणेही त्याच हिशेबात धरायला हवे. कारण ज्याच्यावर विजय मिळवला तो माणूस हलका नव्हता, याचा खरा पुरावा त्या सहा खेपांत आहे.